'मी हाय' म्हणणारे सर

काठीवाले सर दिसायला कसे होते, हे मला ठाऊक नाही. ज्यांनी त्यांना पाहिलं त्यांना विचारलं, तर एकाचं दुसऱ्याशी जुळत नाही. आमचे हे म्हणतात, उंच होते, काळेसावळे. गेवराईची नणंद म्हणते, छे, बुटके, आणि चांगले गोरे होते. सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्याबाईंना, विचारायची तर सोयच नव्हती. "तोंडावर कायम बारा वाजल्याले असायचे, दुसरं काय," एवढं बोलून त्या विषय संपवायच्या. डोळसांचं हे असं असतं. रोज बघतात, आणि धड काही बघत नाहीत.

माझ्याकडे मात्र सर पुरते आहेत. टायरच्या तळव्याच्या चपला, त्यातल्या उजव्या चपलेचा अंगठा तुटून पुन्हा शिवलेला, त्यामुळे चालताना एक पाय चट आणि एक पाय फट. शर्टाच्या खिशात भाजलेले शेंगदाणे, आणि बोलण्याआधी त्यांतला एक तोंडात टाकायची खोड. आवाज बसका, कुठंतरी सप्ताहात आठ दिवस ओरडून आल्यासारखा. दारात पाऊल पडायच्या आधी आरोळी यायची, "मी हाय!" आणि निघताना उंबरा ओलांडला की, "मी न्हाई!"

आत्याबाईंच्या अंगावर काटा यायचा. "अहो मास्तर, येतो म्हनावं मानसानं. मी न्हाई, मी न्हाई काय? असं अभद्र बोलू न्हाई भरल्या घरात."

"आजी, तुमाला दिसतंय मी गेलो त्ये. तिला दिसतंय का? ती बिचकत बसंल हवेशी बोलत. आल्यावर सांगायचं, गेल्यावर सांगायचं. तुमी बी सांगायचं."

आणि खरोखर त्यांनी आमच्या अख्ख्या घराला ही सवय लावली. दुकानातून जेवायला आलेले आमचे हे ओट्यावरूनच ओरडू लागले. दूधवाला ओरडू लागला. एकदा तर आत्याबाई देवघरातून उठताना अनवधानानं "मी न्हाई गं" म्हणाल्या आणि मग स्वतःच्याच तोंडात मारून घेतलं.

हे सगळं नव्वद सालानंतरचं. गावोगावी एसटीडीचे पिवळे डबे नुकते लागत होते, दुकानात शांपूच्या पुड्यांच्या माळा लटकत होत्या, आणि माझे डोळे गेले होते. माझी लेक पलू तान्ही असताना मला मोठा ताप आला. बीडच्या डॉक्टरांनी औरंगाबादला पाठवलं, औरंगाबादच्यांनी पुण्याला. शेवटी एकानं सांगितलं, डोळ्यांची नस वाळली, आता नजर येणार नाही. मी सव्वीस वर्षांची होते. नेकनूरच्या आमच्या घरात मला एक खोली मिळाली, एक खाट मिळाली, आणि मला कुणी काही करू देईनासं झालं. पाणी हातात. ताट हातात. न्हाणीत न्यायला आत्याबाई, आणायला आत्याबाई. माहेरी मला मिरची म्हणत, एवढा माझा स्वभाव तिखट. पण त्या वर्षांत मी अशी मऊ झाले होते की माझी मलाच कीव यायची.

सर जिल्ह्याच्या एका संस्थेकडून यायचे. फिरते शिक्षक. घरोघर जाऊन आंधळ्यांना चालायला, रांधायला, स्वतःचं स्वतः करायला शिकवणं हे त्यांचं काम. त्यांचे स्वतःचे डोळे ठणठणीत होते, पण ते त्यांचा उपयोग फारसा करत नसत. नव्या गावात पहिल्या दिवशी उतरले की एसटी स्टँडवरच डोळ्यांना उपरणं बांधायचे आणि काठी घेऊन निघायचे. का, तर रस्ता शिकवायचा तर तो आधी आपल्याला आंधळेपणानं ठाऊक हवा.

आमच्याकडेही तसेच आले. म्हणजे आमच्याकडे आलेच नाहीत, शेजारी गेले. विचारत विचारत गल्लीपर्यंत बरोबर आले आणि एक दार आधीच वळले. शेजारची सून भाकरी थापत होती. सरांनी "मी हाय!" केलं, खाली बसले, पाणी मागितलं आणि उपरणं न सोडता तिला अर्धा तास समजावलं: पोरी, डोळे गेले म्हणजे जन्म गेला असं मानू नकोस, तुझे हात शाबूत आहेत, उद्यापासून चूल तुझी तू पेटवायची. ती बापडी डोळस सून समोर पेटलेली चूल घेऊन बसली होती. तिला वाटलं कुणी बुवा आहे आणि आपल्यावर काही संकट येणार आहे. तिनं घाबरून पसाभर ज्वारी त्यांच्या पिशवीत घातली. शेवटी तिच्या सासऱ्यानं येऊन विचारलं, "कोण बे तू?" तेव्हा उपरणं सुटलं.

सर आमच्या दारात आले तेव्हा ती ज्वारी त्यांच्या पिशवीत होती, आणि मला हे सगळं त्यांनी स्वतःच सांगितलं. मी हसले. आत्याबाई पुढं कित्येक वर्षं सांगायच्या, ताप आल्यापासून ही पहिल्यांदा हसली. सर म्हणाले, "हसली का? मंग शिकती ही."

शिकवण्याची त्यांची तऱ्हा काही वेगळीच होती. चहा ओतायचा तर बोट कपाच्या काठाशी धरायचं आणि कान द्यायचा. कप रिकामा असताना धारेचा आवाज जाड असतो, भरत आला की बारीक होत जातो. हे शिकवताना ते स्वतःही डोळे मिटून ओतायचे आणि निम्मा चहा बशीत, निम्मा स्वतःच्या धोतरावर. मी पंधरवड्यात त्यांच्यापेक्षा चांगला चहा ओतू लागले. तव्यावरच्या भाकरीचा वास कधी बदलतो, मिठाचा डबा आणि साखरेचा डबा हलवून कसा ओळखायचा, हे सगळं त्यांनी आत्याबाईंच्या डोळ्यांदेखत शिकवलं. आत्याबाई सगळा वेळ पाण्याचा तांब्या घेऊन माझ्या पदराशी उभ्या. पदर पेटला तर विझवायला.

"आजी, तुमच्यानंच भ्या वाटायलंय तिला. जरा लांब व्हा."

"माजी सून जळाली म्हंजे तुमी भरून देनार का?"

घरात बायका भेटायला यायच्या. बसायच्या, सुस्कारा टाकायच्या आणि "बिचारी" म्हणायच्या. सरांनी त्याच्यावर एक कायदा काढला. जो कुणी बिचारी म्हणेल त्यानं हापशावरून एक घागर पाणी आणून आमच्या रांजणात ओतायचं. गंमत नव्हती, ते खरंच घागर हातात द्यायचे. पाटलीणबाईंनासुद्धा दिली. त्या उन्हाळ्यात गावात पाण्याची बोंब होती, पण आमचा रांजण काही रिता राहिला नाही. पुढं बायका दारातच जीभ चावायला लागल्या.

एक बोलणारं घड्याळ होतं त्यांच्याकडं, कुणी परदेशातून संस्थेला दिलेलं. बटण दाबलं की आतली बाई इंग्रजीत वेळ सांगायची. आत्याबाई तिला "तुमची बाई" म्हणायच्या. ते घड्याळ कुठल्या तरी दुसऱ्याच देशाची वेळ सांगायचं, कारण ते लावायचं कसं हे सरांना कधीच कळलं नाही. भर दुपारी बाई सकाळ सांगायची. सर म्हणायचे, "यंत्र बोलतंय म्हनून खरं बोलतंय असं न्हाई. कान तुजा चालव." आज माझा फोन दिवसभर बडबडतो, डावीकडे वळा, उजवीकडे वळा, तेव्हा मला हटकून ते आठवतं.

पलूच्या पायांत वाजणारे पैंजण सरांनीच घालायला लावले. पोरगी घरभर कुठं फिरते ते मला कळावं म्हणून. पलू तेव्हा तीन वर्षांची, पण मुलखाची लबाड. आठ दिवसांत तिच्या ध्यानात आलं की गुळाच्या डब्याकडं जाताना पैंजण काढून ठेवायचे. मी सरांकडं रड लावली. सर शेंगदाणा चावत म्हणाले, "मंग सोपं झालं की. पैंजन वाजत न्हाई म्हंजे गूळ चालू हाय." तेव्हापासून घर गप्प झालं की मी बसल्या जागेवरून हाक मारायची, "पलू, डबा लाव!" आणि तिला वाटायचं आईला दिसतं.

एकच गोष्ट सरांना जमत नव्हती. मला ओरडता येईना. घरात मी आता भांडू लागले होते, सरांशीसुद्धा. पण घराबाहेर पाऊल टाकलं की माझा आवाज जायचा. सासरची गल्ली. लग्न होऊन आल्यापासून त्या गल्लीत मी डोक्यावरचा पदर सोडला नव्हता की आवाज चढवला नव्हता. आणि सरांचं म्हणणं, काठी अर्धं काम करते, उरलेलं अर्धं तोंड करतं. हरवलीस तर उभी राहा आणि खणखणीत विचार. विचारणं म्हणजे भीक मागणं नाही. ते मला ओट्यावर उभं करून म्हणायचे, "हान हाळी, त्या टोकाच्या लोहाराला ऐकू जावी अशी." मी "अहो लोहारकाका" म्हणायची, ते माझ्या मलाच ऐकू यायचं नाही.

"ह्ये काय? डास गुनगुनला का कुठं?"

एवढं होऊनही ते चिडायचे नाहीत. फक्त एकदा चिडले. आत्याबाई कौतुकानं म्हणाल्या होत्या, "मास्तर, आमी तिला फुलावानी जपतो बगा. जिमिनीवर पाय ठिवू देत न्हाई." त्यावर कितीतरी वेळ शेंगदाण्याचाही आवाज आला नाही. मग सर म्हणाले, "माज्या आईचे डोळे गेलते. तीस वर्सं एका कोपऱ्यात बसली, तिथंच मेली. आमी बी तिला लई जपलं, आजी." आणि "मी न्हाई" म्हणून निघून गेले. तो विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही.

पावसाळा सरता सरता गेवराईची नणंद आली आणि घरात काहीतरी शिजतंय हे मला आवाजांवरून कळलं. मी आले की बोलणं थांबायचं. शेवटी तिनंच सांगितलं, वाईट होती अशातला भाग नाही, सांगताना माझा हात धरून बसली होती. दिवाळीनंतर पलूला ती गेवराईला नेणार. तिच्या दोन पोरांत तिसरी. तिकडं शाळा चांगली, न्यायला-आणायला माणसं. आता पोरगी पळायला लागली, उद्या गाडीखाली आली तर? आंधळ्या आईच्या भरवशावर लेकरू कसं ठेवायचं? आमचे हे दुकानात तागडीशी मान खाली घालून बसले. मी त्यांना विचारलं तर म्हणाले, "आई म्हनती त्ये काय खोटं हाय का?"

मी त्या दिवशी जेवले नाही. पलूचे पैंजण हातात घेऊन बसले. डोळे गेले तेव्हा मी रडले होते, पण ते रडणं आणि हे रडणं यात फार फरक होता. डोळे माझे होते, गेले. पण हिला तर घेऊन चालले होते, आणि घेऊन जाणारी सगळी माझीच माणसं होती.

सर आले, त्यांनी "मी हाय" म्हटलं, आणि मी त्यांना सगळं सांगितलं. ते आत वळले. सरळ आत्याबाईंसमोर जाऊन बसले.

"आजी, काय केलं म्हंजे लेकरू हितं ऱ्हाईल त्ये सांगा."

आत्याबाईंनी पदर खोचला. मग म्हणाल्या, "अंगनवाडीतून तिनं पलूला एकटीनं घरी आनावं. कुनी हात धरनार न्हाई. तुमी मागं चालनार न्हाई. एवढं झालं तर माजी ना न्हाई."

"ठरलं," सर म्हणाले. नणंद म्हणाली, मी बॅग भरून ठेवते, मग बघू.

रस्ता मला सरांनी पाठ करून घेतला. घरातून निघालं की डावीकडं. आधी हापसा, त्याची कुईकुई आणि बायकांची कलकल. मग चहाच्या हॉटेलचा रेडिओ, आणि वाटेतच टाकलेलं बाकडं, ते काठीला लागायचंच. मग लोहाराचा घण. आणि मग पिठाची गिरणी, तिच्या इंजिनाची पुकपुक. गिरणी बरोबर उजव्या कानाशी आली की उजवीकडं वळायचं, पुढं पोरांचा गलका, तीच अंगणवाडी. वळण चुकलं तर गल्ली सरळ मोठ्या रस्त्याला जाते, आणि तिथं ट्रक. सर चट-फट मागून यायचे. कुठं आलो असं विचारलं की म्हणायचे, "मला कावून इचारती? गल्लीला इचार." परतीच्या वाटेवर पलू मला ओढायची, तर तिलाही दटावायचे, "तू काठी न्हाईस. लेकरू हायस. आईच्या बोटाला धरून चाल."

ठरल्या दिवशी नणंद सकाळीच पलूला अंगणवाडीत सोडून आली. अकराच्या सुमाराला मी निघाले. सरांनी माझ्या हातात घडीची काठी दिली, मी झटका देऊन ती उलगडली, कट-कट-कट. सर ओट्यावरून म्हणाले, "मी न्हाई." म्हणजे मागं येणार नाही. मी पायरी उतरले.

हापशापाशी आले तर हापसा गप्प. पायाखाली ओल होती म्हणून जागा कळली. बाईमाणसाचा आवाज नाही. मला वाटलं पाणी नसेल. पुढं रेडिओ गप्प. बाकडं काठीला लागेना. काठी डावीकडं फिरव, उजवीकडं फिरव, नुसती माती. मला वाटलं, गावात कुणी गेलं की काय? एरवी इतकी शांतता आमच्या गावात प्रेतयात्रा निघाली तरच असते. घण ऐकू येईना. कुत्रं भुंकेना. चालत राहिले आणि मग एकाएकी लक्षात आलं की मी कुठं आहे ते मला ठाऊक नाही. गिरणी मागं पडली की पुढं आहे? पिठाचा वास होता, पण तो काय, गल्लीभरच असतो. पोरांचा गलकासुद्धा नाही. समोर कुठं तरी लांब एक ट्रक गेला.

उभी राहिले. काठी दोन्ही हातांनी धरली. मनात आलं, बॅग भरलेली आहे.

तेवढ्यात डाव्या बाजूला बांगडी किणकिणली. मग कुणीतरी खोकला दाबला. मग उजवीकडं एक जोडा मातीवर सरकला. आणि मला कळलं, कुणी मेलेलं नव्हतं. सगळी गल्ली तिथंच उभी होती. दोन्ही बाजूंना, भिंतींना पाठ लावून, श्वास धरून माझ्याकडं बघत. पैंजण काढलेल्या पलूसारखी.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढी सगळी माणसं उभी, आणि एकालाही तोंड उघडता येईना? मी हरवलेय, माझी पोरगी जातेय, आणि हे बघत उभे आहेत? पदर, सासर, थोरामोठ्यांची गल्ली, सगळं गेलं कुठल्या कुठं. मी अशी ओरडले की माझा मलाच धक्का बसला.

"गिरनी कावून बंद हाय?"

कुणी बोलेना.

"मुके झालात का सगळे? गिरनी कावून बंद ठिवली?"

मग माझ्या पुढून, थोडं उजवीकडून गिरणीवाल्याचा चोरटा आवाज आला, "वहिनी, तुमच्या आत्याबाईंनीच सांगितलं ना. काल घरोघर हिंडल्या. म्हनल्या, उद्या माजी सून निघनार हाय, कुनी आवाज करू नगा, तिचं ध्यान चुकंल. बाकडी उचला, कुत्री बांधा, गिरनी बंद ठिवा..."

"चालू कर आधी!"

हँडल फिरलं. पुक. पुक... पुक-पुक-पुक. त्या इंजिनाइतकं गोड मी आयुष्यात काही ऐकलं नाही. मागं लोहारानं घण घातला. हापसा कुईकुई करू लागला. रेडिओ लागला, कुणीतरी कुत्रं सोडलं, बायका एकदम बोलायला लागल्या, आणि अंगणवाडीच्या बाईंनी हाताची घडी तोंडावर बोट करून बसवलेली पोरं सुटल्यासारखी किंचाळली. गिरणी उजव्या कानाशी येईपर्यंत मी चालले आणि वळले. दारात पैंजण धावत आले. मी पलूचं बोट धरलं नाही, तिनं माझं धरलं, आणि आम्ही दोघी गोंगाटातून घरी आलो.

घरात काय झालं ते मला नंतर आत्याबाईंनीच सांगितलं, हुंदके देत देत. मी निघाल्यावर त्यांनी मोठ्या कौतुकानं सरांना सांगितलं होतं, "अख्खी गल्ली गप केली बगा मास्तर, आता तिला काई तरास न्हाई." ते ऐकून सर ताडकन उठले. "आजी, घात केला!" म्हणाले आणि दाराकडं धावले. उंबऱ्याशी थांबले. परत फिरले. पुन्हा गेले, पुन्हा थांबले. आत्याबाई मागोमाग दाराशी आल्या. त्या म्हणाल्या, "मंग जावा की, सांगा तिला, बगता काय!"

तर सर म्हणाले, "मी तिला मी न्हाई म्हनलोय. आता मागं मी हाय असं निघालं तर ती पुन्हा कुनावर भरवसा ठिवंल?" आणि दाराची चौकट धरून खाली बसले. "रडत व्हता गं त्यो मानूस," आत्याबाई म्हणाल्या. "मी बी रडत व्हते. मला वाटलं, माज्या हातानं सुनेला मारलं."

तशात माझी आरोळी आली. तिथपर्यंत, घरापर्यंत. आणि मग गिरणीची पुकपुक. सर उठले, म्हणे, आत्याबाईंच्या पाया पडले. "आजी, वर्षभर हिला बोंबलायला शिकवतोय. मला जमलं न्हाई. तुमी एका सकाळात केलं."

मी पायरी चढून आत आले तेव्हा नणंद खोलीत पलूचे कपडे बॅगेतून काढून फडताळात ठेवत होती. फडताळाची कडी मला ओळखू येते. मी काठीची घडी घातली. जरा वेळानं ती आली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. "मी हाय, वहिनी," म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून पलूला सोडायचं आणि आणायचं काम माझं झालं. आणि दुसऱ्या दिवसापासूनच, मी अंगणवाडीतून परत यायच्या सुमाराला, आत्याबाई ओट्यावर खलबत्ता घेऊन बसू लागल्या. ठण, ठण, ठण. गल्लीच्या वळणापासून ऐकू यायचं. आमच्या दारापाशी दुसरी खूण नव्हती, मी एखादे वेळी शेजारच्या दारात चढायची, सरांसारखी. आता चुकायचं कारणच नव्हतं. मी विचारलं, आत्याबाई, रोज काय कुटता? तर म्हणायच्या, "मीठ." कधी म्हणायच्या, "सुंठ." कधी, "तुला काय करायचंय?"

सर त्यानंतर कमी कमी यायला लागले. माझ्यासारख्या दुसऱ्या कुणाकडं, केजच्या बाजूला त्यांना जायचं होतं. आमच्या दुकानात टेलिफोनचा पिवळा डबा लागला आणि मी त्याच्यावर बसू लागले, पाचाच्या आकड्यावरची टिकली चाचपून अख्खा बीड जिल्हा जोडू लागले, ही सगळी खटपट त्यांचीच. पण ते काम सुरू झालं तेव्हा ते म्हणाले, आता माझं इथं काही नाही.

शेवटच्या दिवशी ते माझ्याबरोबर अंगणवाडीपर्यंत आले. मागून नाही, शेजारून. परत येताना पलू पुढं पळाली. वळणावर आलो तशी ठण-ठण सुरू झाली. सर थांबले. खिशातला शेंगदाणा काढला, पण तोंडात टाकल्याचा आवाज आला नाही.

"एक सांगू का?" ते हळू आवाजात म्हणाले. "तिला कळू दिऊ नको. तुज्या सासूच्या खलात काई नसतं. मी मागल्या खेपेला वाकून बगितलं. रिकामाच कुटती."

"ठावं हाय," मी म्हणाले.

"कवापासून?"

"पहिल्या दिसापासून. रिकाम्या खलाचा आवाज निराळा असतोय, सर."

ते कितीतरी वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं गेले की काय. पण मग आठवलं, न सांगता जाणारा हा माणूस नाही. शेवटी त्यांनी घसा खाकरला.

"मंग मी न्हाई," ते म्हणाले.

चट-फट, चट-फट करत चपला गिरणीकडं गेल्या आणि पुकपुकीत मिसळल्या. मी तिथंच उभी राहिले, डोळे पुसले, पदर नीट केला. पुढं ओट्यावर आत्याबाई जीव खाऊन रिकामा खल कुटत होत्या. मी काठी उचलली आणि त्या आवाजाकडं चालू लागले.